पूल जाळणाऱ्याशी माझं वैर नाही

४ जानेवारी, गुरुवार

कादंबरीची छापील किंमत साडेचारशे. सवलत जाऊन तीनशे साठ. पण मालाचा खरा भाव तो घरात आल्यावर कळतो, हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. तर खरा भाव असा: सलग पाच संध्याकाळी बायकोची पाठ माझ्याकडे. दूध एकदा उतू गेलं, एकदा करपलं. माझ्या नव्या शर्टाचं बटण टेबलावर आठवडाभर तसंच पडून. आणि आज जेवताना पुस्तक ताटाशेजारी पालथं घालून हिने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, माणूस असावा तर असा.

मी घास तोंडाशी धरून विचारलं, कोण? म्हणाली, सेनापती.

शाळेत सगळ्यांना असते ती जुनी कथा. नदीच्या अलीकडे राजकन्या, पलीकडे राजपुत्र, मध्ये लाकडी पूल. दुष्ट सेनापती पूल जाळतो. राजपुत्र पोहत येतो, लग्न होतं, सेनापतीला कड्यावरून ढकलतात, मुलं टाळ्या वाजवतात. आता कोणीतरी तीच कथा सेनापतीच्या बाजूने लिहिली आहे. चारशे बारा पानं. एका काडीच्या कामाला!

हिचं वाचक मंडळ दर गुरुवारी चार ते सहा माझ्या शोरूममध्ये भरतं. आठ बायका आणि एक बँकवाला. जागा मी फुकट दिली आहे. फुकट म्हणजे, नऊ माणसं माझ्या सोफ्यांवर निवांत रेललेली काचेतून रस्त्याला दिसतात. याहून स्वस्त जाहिरात नाही. मी प्लायवूडच्या पार्टिशनमागे ऑर्डरी लिहीत बसतो. ऐकायचं म्हणून ऐकत नाही, पण मी पडलो तिखट कानांचा माणूस. करवतीच्या आवाजावरून लाकूड ओलं की सुकं ते सांगतो. फुटपाथवर खुर्च्या विणत होतो तेव्हापासून याच कानांवर वर आलोय.

आज आठही जणी सेनापतीवरच. निवृत्त हेडबाई म्हणाल्या, त्याची बाजू कधी कोणी ऐकूनच घेतली नव्हती. केमिस्टवाल्या वहिनी म्हणाल्या, बाई गं, त्याला कड्यावरून ढकललं तेव्हा मी गॅस बंद करून रडले. मग बँकवाल्याने एक उतारा वाचला. जो आवाज कर्ज नामंजूर करायला ठेवलाय, त्यात प्रेम वाचतो. बायका गप्प. ही सगळ्यात गप्प.

५ जानेवारी, शुक्रवार

मला मत्सर नाही. मत्सर जिवंत माणसाचा करतात. हा तर कागदाचा, शिवाय मेलेला.

फक्त तांत्रिक मुद्दा. दोनशे फुटी सागाचा पूल एका मशालीने पेटत नाही. आधी धुमसतो. तोवर चार माणसं बादल्या घेऊन येतात. मिस्त्रीला हे समजावून सांगायला सकाळचा तास गेला. मिस्त्री पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून बोलतो. म्हणाला, मालक, एवढं काय मनाला लावून घेता, तुमची खुर्ची परत पाठवली का त्या सेनापतीने?

मी म्हटलं, रंधा मार.

७ जानेवारी, रविवार

ही बहिणीकडे गेली. सहज पुस्तक उघडलं. पानोपानी ओळींखाली पेन्सिलीने रेघा. फूटपट्टी लावून. बावीस वर्षांच्या संसारात हिने माझ्या कुठल्या वाक्याखाली रेघ मारल्याचं मला आठवत नाही.

अख्खं पुस्तक वाचलं नाही. लाकूड पारखायला झाड पाडावं लागत नाही. पहिल्या दोन रेघा पाहिल्या. एक: ‘तो खिडकीशी उभा राहिला. काही बोलला नाही.’ दुसरी: ‘तो पुन्हा काही बोलला नाही. थांबला.’

बस्. कळलं. गडी बोलत नाही, एवढंच त्याचं भांडवल. मौन, खिडकी, आणि मुखपृष्ठावर दिसतो तो काळा पोशाख. यात कठीण काय आहे? मी भर बाजारात कर्जावाचून दुकान उभं केलेला माणूस. उद्यापासून मौन.

८ जानेवारी, सोमवार

सकाळी ७.०० ते ७.२०: मौन. ७.२० ला हिने विचारलं, दाढ दुखतेय का? मान हलवली. म्हणाली, मग पोट असेल.

७.४०: काळा शर्ट घालून खिडकीशी. समोरच्या इमारतीतल्या माणसाने आधी पडदा ओढला, मग बायकोला आत घेतलं.

दुकानात गिऱ्हाईक आलं. डायनिंग टेबलाचा भाव सांगितला, तो म्हणाला जास्त वाटतो. मी गप्प. तो आणखी थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, बरं, तुमचंच खरं. सेनापतीला धंद्याचं अंग होतं, हे मी कबूल करतो. दुर्दैवाने त्याने जाता जाता विचारलं, सांधा खिळ्याचा की खाचेचा? त्यानंतर मी पन्नास मिनिटं बोललो. हे मौनभंगात धरायचं नाही. ते काम होतं.

संध्याकाळी पुन्हा खिडकी. ही पाठीमागे बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी चेहऱ्यावर खोल भाव आणण्याच्या गडबडीत होतो. थोड्या वेळाने म्हणाली, मग? काय करू? मी हळूच वळून फक्त पाहिलं. अगदी मुखपृष्ठासारखं. म्हणाली, जाऊ दे.

त्या ‘जाऊ दे’मध्ये हळवेपणा होता. गोष्ट लागू पडतेय.

११ जानेवारी, गुरुवार

लिहायचं नव्हतं. पण डायरी स्वतःसाठी असते, आणि स्वतःशी खोटं बोलणारा मी नाही.

मंडळात रीतसर जाऊन बसायचं ठरवलं होतं. सेनापती कुठेही बसला तर त्याला साजेशी खुर्ची हवी. म्हणून तीन दिवसांत उंच पाठीची, काळ्या पॉलिशची खुर्ची केली. काल मिस्त्री म्हणाला, हवा दमट आहे मालक, शेवटचा हात उद्यापर्यंत सुकायचा नाही. मी त्याला सुनावलं की पॉलिश मी तुझ्या आधीपासून मारतोय, कधी सुकतं ते मला बोटाला कळतं.

बोटाला कळतं. इतर अवयवांना कळत नाही.

पावणेदोन तास बसलो. एक शब्द बोललो नाही. वातावरणनिर्मिती उत्तम. बायका चोरून पाहत होत्या. सहा वाजता, बँकवाल्याच्या आधी, शांतपणे उठून निघून जायचं होतं. उठलो. खुर्ची बरोबर उठली. पुन्हा बसलो. दुसऱ्यांदा जोर लावला, तेव्हा मी उठलो आणि पँटचा मागचा भाग खुर्चीपाशी राहिला.

हेडबाई म्हणाल्या, बसा हो बसा, घाई काय आहे. शिवणवाली म्हणाली, टाके मी घालून देईन, कापड तेवढं सोडवून आणा. हिने सोफ्याचं कव्हर आणून माझ्याभोवती गुंडाळलं. चेहरा गंभीर होता. पण कव्हर धरलेले हात हलत होते.

१२ जानेवारी, शुक्रवार

टर्पेंटाइनने पॉलिश निघालं, त्यासोबत थोडी कातडीही. मलम आणायला केमिस्टकडे. वहिनींचा नवरा. भला माणूस, पण मलमाची ट्यूब हातात द्यायच्या आधी पुन्हा तीच कथा: दुकानाचं छत कोसळलं, आठ दिवसांत नवं उभं केलं, पत्रा कितीला पडला, मजुरी किती. मला तोंडपाठ आहे. काही माणसांना स्वतःचं कौतुक सांगायची हौसच असते. समोरच्याला आपलंही काही सांगायचं असेल, हे त्यांच्या गावी नसतं. माझी सोफा-कम-बेडची गोष्ट निम्मी राहिली.

मौनाचा मार्ग बंद. तो माझा पिंडच नाही. पण पार्टिशनमागून नवी बातमी: पुढच्या गुरुवारी अभिप्रायांच्या चिठ्ठ्या. हेडबाईंची शिस्त अशी, की प्रत्येकीने पुस्तकावर आपला अभिप्राय विनानावाचा लिहून, सोफ्याच्या कापडाचे नमुने मी ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो त्यात टाकायचा. बँकवाला त्यांना नंबर देऊन एकामागून एक वाचतो. तो स्वतः लिहीत नाही. अक्षरावरून कोणाची कुठली हे ओळखून त्याने ते आठवडाभर पोटात ठेवायचं आणि पुढच्या गुरुवारी नावं सांगायची. हेडबाई म्हणतात, नाव आधी कळलं की लोक चिठ्ठी ऐकत नाहीत, बाईला ऐकतात.

डबा माझा. दुकान माझं. डब्यात एक चिठ्ठी जास्त पडली तर कोणाचं काय गेलं?

१५ जानेवारी, सोमवार

अभिप्राय लिहून झाला. सहा पानं. छाटून दोन. रोख असा: जो माणूस पूल जाळतो तो प्रेम काय करणार? प्रेम करणारा आधी कठडा तपासतो.

मिस्त्रीला वाचून दाखवला. त्याने सगळा ऐकला आणि विचारलं, मालक, पुस्तक वाचलंत? मी म्हटलं, पुलावर बोलायला लाकूड कळावं लागतं, पुस्तक नाही.

मग विचारलं त्याने, वहिनीसाहेब काय लिहितील? मी म्हटलं, ते मला विचारायचीही गरज नाही. बावीस वर्षं एका छपराखाली. नऊ चिठ्ठ्यांतून, डोळे मिटून, पार्टिशनमागून, पहिल्या वाक्याला ओळखून दाखवतो. मिस्त्रीने पान थुंकल्यासारखा चेहरा केला, तेही पान खात नसताना.

१८ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस जपून ठेवावा असा. क्रमाने लिहितो.

चिठ्ठी एक. हेडबाई. बँकवाल्याच्या आवाजातही स्वल्पविराम ऐकू आले.

चिठ्ठी दोन. तीनच ओळी. ‘सेनापती चांगला की वाईट, मला ठरवता येत नाही. पण तो विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. मला तेवढंच हवं होतं.’ मलासुद्धा वाईट वाटलं. कोण ही बिचारी? नवरा ठार बहिरा असणार. बहुतेक शिवणवाली. तिचा नवरा मशीनच्या आवाजात आयुष्य काढतोय.

तिसरी विशेष नाही.

चौथी माझी. कठड्यापाशी पहिला हशा. सागाच्या ओलाव्याचं प्रमाण आलं तेव्हा केमिस्टवाल्या वहिनींना ठसका लागला. हिचं हसू मी हजारांत ओळखतो, ते सगळ्यांच्या वर. हशा म्हणजे बाण वर्मी लागला. हेडबाई म्हणाल्या, या वाचकाने कादंबरी नाही, पूल वाचलाय. एवढा नेमका अभिप्राय मला आजवर कोणी दिला नव्हता.

पाचवी, सहावी: रडारड.

आणि सातवी. जशीच्या तशी उतरवतो, कानात आहे.

‘सेनापतीवर जीव जडला होता. मग घरच्या माणसाकडे पाहिलं. माझा नवरा गप्प बसून दुःख करणाऱ्यांतला नाही. फार बोलतो. एकच गोष्ट शंभरदा सांगतो. खिडकीशी उभा राहिला तरी चांगला दिसत नाही. पण पूल जळला असता तर हा दुसऱ्या दिवशी नवा बांधायला बसला असता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला किती खर्च आला ते सांगितलं असतं. मी त्या पुलावरून रोज जाते. कादंबरीत असा माणूस कोणी घेत नाही, पण संसार याच्यावर उभा राहतो.’

पहिल्या वाक्याला ओळखलं. खरं तर ‘खिडकीशी उभा’पाशी, पण ते पहिल्यासारखंच. डोळ्यांत भुसा गेला. पार्टिशनमागे भुसा फार असतो.

संध्याकाळी ही घरी आल्यावर काहीच बोललो नाही. हे मौन खरं होतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

मिस्त्रीला सातवी चिठ्ठी पाठ म्हणून दाखवली. तीनदा. म्हणाला, वहिनीसाहेबांनी असं लिहिलं? मी म्हटलं, खिडकी कोणाच्या घरात होती? तो म्हणाला, खिडकी तर सगळ्यांच्याच घरात असते. मी त्याला माफ केलं. आज मी सगळ्यांना माफ केलंय.

केमिस्टकडेही गेलो, मलम संपलं नसताना. त्यालाही म्हणून दाखवली. त्याने मध्येच छत काढलं. या खेपेला मी ऐकून घेतलं. म्हणजे ऐकलं नाही, पण मध्ये बोललो नाही. सुखी माणसाला एवढं परवडतं.

सेनापतीबद्दल आता काही नाही. बिचारा. कड्यावरून पडला.

२१ जानेवारी, रविवार

हिच्यासाठी वाचनखुर्ची करायला घेतली. हाताशी पेन्सिलीची खाच. दुपारी ही कारखान्यात आली, स्टूल ओढून बसली. म्हणाली, तुझ्याशी बोलायचं होतं, बरेच दिवस झाले. मी हात वर केला. म्हटलं, काही सांगू नकोस, मला सगळं कळलंय.

तिने विचारलं, काय कळलंय?

गुरुवारपर्यंत नावं फोडायची नाहीत, हा मंडळाचा नियम. नियम मी मोडणार नाही. म्हणून डोळे मिटून हसलो आणि नुसतं म्हटलं, पुलावरून रोज जातेस ना, मग झालं. डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती, गिऱ्हाईक तुटक्या पायाच्या खुर्चीकडे पाहतं तशी. मग म्हणाली, बरं. आणि गेली. स्टूल जागेवर ठेवून गेली.

लाजली असावी.

२३ जानेवारी, मंगळवार

गुरुवारची तयारी. बेकरीत दोन किलोचा केक सांगितला. वर क्रीमने ‘क्र. ७’ लिहायचं. बेकरीवाल्याने विचारलं, मुलाचा सातवा वाढदिवस का? मी म्हटलं, संसाराचा. त्याने पुढे विचारलं नाही.

केमिस्टलाही केकला बोलावलं. त्याला म्हटलं, या, बायकोने नवऱ्याचं कौतुक केलेलं कधी ऐकलं नसेल तुम्ही.

छोटं भाषण तयार केलंय. अकरा मिनिटांचं. सुरुवात फुटपाथपासून.

२५ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळ, ६.१०

शोरूममध्येच लिहितोय. पार्टिशनमागे. बाहेर केक कापणं चालू आहे.

चार वाजता काळा शर्ट नाही, बटण लावलेला नवा शर्ट घातला. बटण मीच लावलं. केक मधल्या टेबलावर. केमिस्ट दाराशी. ही कोपऱ्यातल्या सोफ्यावर, मांडीवर नवं पुस्तक. मंडळाने कादंबरी गेल्याच गुरुवारी संपवलीय, आता दुसरं काहीतरी सुरू आहे. मला माहीत नव्हतं.

बँकवाल्याने नावं शेवटून घेतली. नऊ. आठ. मी भाषणाचा कागद काढला.

सात. केमिस्टवाल्या वहिनी.

टाळ्या. केमिस्टने चष्मा काढून डोळे पुसले आणि पुसता पुसता पत्रा कितीला पडला ते सांगू लागला. सगळे हसले, वहिनी सगळ्यांत जास्त. ‘क्र. ७’ केक त्यांचाच आहे असं गृहीत धरलं गेलं. वहिनी म्हणाल्या, अहो, तुम्हाला आधीच कसं कळलं? मी म्हटलं, कान.

कागद खिशात घातला. बेत एवढाच बदलला, की हिची चिठ्ठी अजून यायची आहे. सहा किंवा पाच असेल. रडलेली, पण रडणाऱ्या बायकोचंही काहीतरी म्हणणं असतंच.

सहा. नर्सबाई.

पाच. लायब्ररीवाली.

चार. बँकवाला काही बोलायच्या आत सगळ्यांनी पार्टिशनकडे पाहिलं. मी ऑर्डरच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं होतं. पुढच्या बाजूला दुकानाचा शिक्का. बारीक चूक.

तीन राहिली. दोन शिवणवालीची धरली होती, म्हणजे तीन हिची. तिसरी कशावर होती ते आठवायचा प्रयत्न केला. विशेष नव्हती एवढंच आठवलं. चालेल. विशेष नसलेलीही चालेल.

तीन. शिवणवाली.

हेडबाई एक, हे आधीपासून ठरलेलंच होतं.

ही पुस्तक मिटून माझ्याकडे पाहत होती. काही बोलली नाही. थांबली.

दोन नंबरची चिठ्ठी हिची.